श्रीलंकेतील माघारीविषयी, चि. गार्गीस

चि. गार्गी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. भारताची शांतिसेना श्रीलंकेतून परत बोलावणे हा तेथे पडलेल्या जवानांचा अवमान होता, असे तू लिहिले आहेस. ते मला पटत नाही.

29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, तेव्हा आपले सैन्य लढायला नव्हे, तर तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे उतरवून घ्यायला गेले होते. त्या करारावर लिट्टेची, म्हणजे त्या बंडखोरांतल्या सर्वांत प्रबळ संघटनेची, सही नव्हतीच. ऑक्टोबरमध्ये उत्तरेतले जाफना शहर लिट्टेकडून घेण्यासाठी ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले आणि ज्या लोकांच्या रक्षणासाठी आपण गेलो, त्यांच्याच गल्लीबोळांत आपले जवान लढू लागले. जाफना विद्यापीठाच्या आवारात रात्री हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जवानांपैकी 29 मारले गेले. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबरला धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शौर्य कुठेही कमी पडले नाही. मात्र जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले, हेही तुझ्या निबंधात यायला हवे होते.

शहर हाती आले, पण लिट्टे वन्नीच्या जंगलात शिरली आणि युद्ध रेंगाळले. 1989 च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी जूनमध्ये आपल्याला निघून जायला सांगितले. एवढेच नव्हे, तर आपल्याशी लढणाऱ्या लिट्टेलाच त्यांच्या सरकारने शस्त्रे पुरवली. ज्या सरकारच्या निमंत्रणावरून सैन्य गेले तेच शत्रूला बंदुका देत असेल, तर कोणत्या विजयासाठी तेथे थांबायचे होते? 1,100 हून अधिक जवान गेले होते. त्यांचे बलिदान हेच थांबण्याचे कारण मानले, तर प्रत्येक नव्या मृत्यूने ते कारण आणखी बळकट झाले असते आणि परतीचा दिवस कधीच उजाडला नसता. म्हणून माघार योग्यच होती, असे माझे ठाम मत आहे.

माझा राग आहे तो ती ज्या रीतीने घेतली त्यावर. मद्रासला उतरलेल्या जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, यावर तू पानभर लिहिलेस. पण मागे राहिलेल्यांबद्दल एक ओळही नाही. आपल्या आधाराने उत्तर-पूर्व प्रांतात वरदराज पेरुमाळ यांचे सरकार उभे राहिले होते आणि त्याच्या रक्षणासाठी तमिळ तरुणांची, त्यांतल्या कित्येकांची तर बळजबरीने, भरती झाली होती. त्यांना शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळाले ते भारताच्या मदतीने. 24 मार्च 1990 रोजी आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघण्याआधीच लिट्टे त्यांच्यावर तुटून पडली होती. पेरुमाळ भारतात आले. त्या पोरांपैकी अनेक जण मारले गेले. त्यांतली बरीचशी वयाने तुझ्याहून लहान होती. त्यांना आपण युद्धात ओढले होते, म्हणून त्यांची जबाबदारीही आपलीच होती.

निबंधाचा निष्कर्ष तुला बदलायचा नसेल तर बदलू नकोस. पण माघारीविषयीचा समझोता सप्टेंबर 1989 मध्येच झाला होता. तेव्हापासून मार्चपर्यंत दिल्लीने या मुलांसाठी काय करायला हवे होते, याचे उत्तर त्यात घाल आणि मग मला पुन्हा पाठव.

तुझी,
आई