रिव्हॉल्वर एका रात्रीत बदललं नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकन रिव्हॉल्वरवरचा लेख आवडला, पण 1873 ला कोल्ट कंपनीचं काडतुसवालं नवं मॉडेल आलं आणि ठासणीची टोपीवाली (पुढून दारू-गोळी ठासायची, मागे निपलवर ठिणगीची टोपी लावायची) संपली असं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत, आणि खरं डोकं लागलं ते मधल्या चार-पाच वर्षांत, तीच लेखात नाहीत.

सिलिंडरला, म्हणजे गोळ्या राहतात त्या फिरत्या भागाला, आरपार भोक पाडून मागून काडतूस घालायचं, एवढी साधी गोष्ट, पण तिचं पेटंट 1855 पासून रॉलिन व्हाइट या संशोधकाचं आणि हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे, नगामागे 25 सेंट रॉयल्टी, म्हणून कोल्टचे हात बांधलेले. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीने 1868 ला रॉयल्टी भरून आपली ठासणीची रिव्हॉल्वर काडतुसासाठी बदलून घेतली. 1869 ला पेटंट संपलं, व्हाइटला सवलत देणारं बिलही राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी 1870 ला परत पाठवलं, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

कोल्टकडे ठासणीच्या रिव्हॉल्वरचे जुने पार्ट पडून होते, ते भंगारात टाकायचे की वापरायचे? चार्ल्स रिचर्ड्सने 1871 च्या पेटंटमध्ये काय केलं बघा, सिलिंडरचा निपलवाला मागचा भाग कापला, त्या जागेत गोल प्लेट बसवली, प्लेटमध्येच काडतूस घालायचं झाकण आणि स्प्रिंगवर मागे येणारी फायरिंग पिन (काडतुसावर टोचून बार उडवणारी), आणि ठासायचा दांडा होता तिथे रिकामी केस, म्हणजे काडतुसाची धातूची नळी, बाहेर ढकलायची सळी. पुढच्या वर्षी विल्यम मेसनने पिन सरळ घोड्यावरच (मागून आपटणाऱ्या हॅमरवर) घेतली, पार्ट कमी झाले. मला विचाराल तर मेसनचं काम जास्त सुंदर. अमेरिकन लष्करानेही कोल्टची हजारावर 'आर्मी' मॉडेलची रिव्हॉल्वर रिचर्ड्सच्या पद्धतीने बदलून घेतली.

आणि या बदलाची एक खूण अजून आहे. कोल्टच्या .36 (इंचातलं माप) 'नेव्ही' मॉडेलचं सिलिंडरमधलं काडतुसाचं घर सरळ आरपार, म्हणून गोळी केसच्या बाहेरच्या मापाची ठेवली आणि फक्त बुड बारीक करून केसमध्ये बसवलं, ते बाहेरचं माप म्हणजे .38. पुढे अख्खी गोळी केसच्या आत गेली, माप .357 च्या आसपास आलं, पण नाव .38 च राहिलं, आजही काडतुसाच्या डब्यावर तेच छापतात.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर रिचर्ड्स आणि मेसन ही दोन नावं कृपया घ्या.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड