स्कॉच स्वस्त, गोळी रामभरोसे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख सकाळी चहाबरोबर वाचला आणि दुपारी चष्मा पुसून पुन्हा वाचला. ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर शंका काढणाऱ्यांना आपण एका वाक्यात रडे ठरवून मोकळे झालात, तेव्हा एका रड्याचे हे पत्र. स्कॉचवरचे आयातशुल्क 150 टक्क्यांवरून 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर येणार, ही बातमी आपण चौकटीत, ठळक टायपात दिलीत. आमच्या सोसायटीतल्या दोघांनी ती चौकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलीसुद्धा. त्याच करारातल्या औषधांच्या पेटंटबद्दल मात्र अख्ख्या अग्रलेखात एक ओळ नाही. जागा कमी पडली असेल.

ती ओळ मी लिहितो. माझे थोरले बंधू, आमचे नाना, कळव्याला राहतात. 2009 साली त्यांना रक्ताचा कर्करोग निघाला, सीएमएल नावाचा. तेव्हापासून रोज रात्री जेवण झाले की पेलाभर पाण्याबरोबर एक गोळी, इमॅटिनिब 400. नाना आज 68 वर्षांचे आहेत. खारेगावच्या बाजारातून स्वतः पिशवी भरून भाजी आणतात आणि दर रविवारी माझ्याशी राजकारणावरून भांडतात, ते या गोळीच्या जिवावर. मूळ स्विस कंपनीची गोळी महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजारांना पडायची, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत. जुन्या औषधाचे नुसते रूप पालटले, गुण वाढला नाही, तर नवे पेटंट मिळणार नाही, असे आपल्या पेटंट कायद्याचे कलम 3 (डी) सांगते. त्याविरुद्ध ही स्विस कंपनी, नोव्हार्टिस, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने तिचे अपील फेटाळले. तारीख होती 1 एप्रिल 2013. मी आनंदाने फोन केला तर नाना म्हणाले, "आज तारीख काय आहे ते ठाऊक आहे मला. दुसरं कुणी गिऱ्हाईक बघ."

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 2012 मध्ये, सरकारने यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या औषधासाठी एका भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवायची मुभा. महिन्याला 2 लाख 80 हजारांना पडणारे औषध 8,880 रुपयांवर आले. असा परवाना देण्याची हिंमत आपण आजवर तेवढी एकदाच केली. आता 24 जुलै 2025 रोजी ज्यावर सह्या झाल्या त्या करारात आपण लिहून दिले आहे की, औषधे लोकांपर्यंत पोचवायला कंपनीने राजीखुशीने दिलेला परवानाच श्रेयस्कर. सरकार म्हणते, सक्तीच्या परवान्याचा अधिकार शाबूत आहे. असेलही. देव्हाऱ्यावर टांगलेली तलवारही शाबूतच असते. शिवाय पेटंट घेऊन कंपनी ते औषध देशात खरोखर विकते की नुसती अडवून बसली आहे, याचा हिशेब पूर्वी दर वर्षी द्यावा लागे. 2024 च्या नियमांनी तो तीन वर्षांतून एकदा केला. आम्हाला हयातीचा दाखला मात्र दर नोव्हेंबरला द्यावा लागतो!

हे सगळे मला सुचायचे कारण गेल्या महिन्यात घडले. नाना एका सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवरून गोळ्या घेतात. नाव लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात तिथेच जायचे आहे. खिडकीच्या गजांना पुठ्ठा अडकवलेला, त्यावर निळ्या मार्करने 'इमॅटिनिब संपले आहे' आणि खाली 'चौकशी करू नये'. तरी केली. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी पुठ्ठा तोच, फक्त एका कोपऱ्याला मुडपलेला. मग कुणीतरी सांगितले की महात्मा फुले योजनेत बसते का बघा. तिथला आरोग्यमित्र मुलगा सज्जन होता, नानांना त्याने बसायला खुर्चीही दिली, पण अर्ज पुढे सरकेना. रेशनकार्डावर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय'. एक मात्रा जास्त! रेशनिंग कार्यालयात गेलो, ते म्हणाले आधार दुरुस्त करा. आधार केंद्रावर गेलो, ते म्हणाले रेशनकार्ड दुरुस्त करून आणा. सत्तरी पूर्ण झाली की मोफत उपचारांचे केंद्राचे वयवंदना कार्ड आहे, त्याला नुसते आधार चालते, असे तिथल्या एकाने दिलासा देत सांगितले. म्हणजे कर्करोगाला दोन वर्षे बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे.

या धावपळीत नाना एकदम शांत कसे, याचे मला नवल वाटत होते. ते वहिनींना उलगडले. त्यांनी डब्यातली गोळ्यांची पाकिटे मोजली आणि तारखांशी ताळा घातला, तो जमेना. नानांनी नऊ दिवस एक दिवसाआड गोळी घेतली होती. पुरवून पुरवून. विचारले तर म्हणाले, "पोराला किती मागायचं?"

पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, वागळे इस्टेटमध्ये निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे. 27 ऑगस्ट 2025 ला भारतीय मालावरचे अमेरिकेचे शुल्क 50 टक्के झाले. आधी त्याचा ओव्हरटाइम गेला, मग आठवड्याचे काम चार दिवसांवर आले. त्याच्या आठ दिवस आधी सरकारने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क माफ केले होते, उद्योगाला आधार म्हणून. त्याने यवतमाळच्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव पडायचा तो पडणारच, पण पुतण्याचा पाचवा दिवस काही परत आला नाही. बाकी निर्यातीचे शास्त्र आपल्याला अधिक कळते.

आता युद्धाचे. अग्रलेखाच्या शेवटी आपण 'खंबीर नेतृत्वा'चा जो हार घातलात, त्याबद्दल. पहलगामनंतर जवानांनी जे केले त्यावर माझा शब्द नाही. व्यापाराची धमकी देऊन युद्ध आपणच थांबवले, असे तिकडून ट्रम्पसाहेब पुन्हा पुन्हा सांगतात आणि तसे काही घडले नाही असे आपले सरकार म्हणते. आपल्या सरकारवर विश्वास ठेवतो. 7 मे 2025 रोजी मॉक ड्रिलच्या यादीत ठाण्याचेही नाव होते, तेव्हा मला 1971 आठवले. मी बारा वर्षांचा होतो. नौपाड्यातल्या आमच्या घराच्या काचांना नाना आणि मी खळीने काळे कागद चिकटवले होते. त्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. सुरुवातीला तर कुटुंब नियोजनाच्याच तिकिटावर 'शरणार्थी सहायता' छापून ते विकत. आई पत्र लिहिताना कुरकुरायची, पण आपले पाच पैसे कुठे चालले ते तिला ठाऊक असायचे. कारण ते तिकिटावर छापलेले होते.

आता तसे तिकीट नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 6 लाख 81 हजार कोटी आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला 99 हजार 859 कोटी. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते की 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. 2021-22 च्या सरकारी हिशेबात तो 1.84 टक्के होता, आणि एकूण खर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले होते. विमाने घेऊ नका, असे मी म्हणत नाही. घ्या. पण अडीच टक्क्यांचे काय झाले, हे अर्थमंत्र्यांना एकदा तरी विचारा. आम्ही विचारले की आम्ही देशद्रोही.

आणि हे ठाण्यात सांगायला लागावे? ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले, त्याच आठवड्यात 15 ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पालिकेचे रुग्णालय त्या खात्यात येत नाही, एवढीच काय ती अडचण. कर्करोगावरच्या औषधांसह 33 औषधांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये शून्य केला, त्याबद्दल सरकारचे आभार, मनापासून. पण पुठ्ठ्यावर लिहिलेल्या औषधावर जीएसटी शून्य असला काय आणि अठरा असला काय.

शेवटी पुतण्याने उसने पैसे काढून बाहेरून दोन महिन्यांच्या गोळ्या आणल्या. नाना पुन्हा रोज एक घेतात, आता वहिनींच्या समोर.

गेल्या खेपेला घोडबंदर रस्त्याविषयीच्या माझ्या पत्राचे शेवटचे दोन परिच्छेद आपण कापलेत आणि उरलेले असे छापलेत की, मी खड्ड्यांच्या बाजूचा आहे असे चार जणांनी मला विचारले. या वेळी कापायचेच असेल तर सोसायटीतल्या व्हॉट्सअ‍ॅपचे वाक्य कापा, मात्रेचे कापू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. : पहिल्या पानाआधी हल्ली जाहिरातीचे जे आणखी एक पान येते, त्यावर काल एका मोठ्या खासगी रुग्णालयाची पूर्ण तपासणीवर तीस टक्के सूट होती. मूळ पहिले पान शोधायला मला दोनदा कागद उलटावे लागले. शब्दकोड्याचे उत्तरही परवाचेच पुन्हा छापले आहे.