खाटा मोजून झाल्या असतील, तर दोन रकाने आणखी

मा. उच्च शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

निवासी महाविद्यालयात मी आधी विद्यार्थी म्हणून राहिलो, आता रेक्टर आहे. नव्या वसतिगृहाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: खाटा किती? दुसरा: खाटेमागे खर्च किती? हिशेब बसेना की आधी फुली पडते ती मेस आणि कॉमन रूमवर. 'मुलं मागवून खातील की!' असं एका बैठकीत मी या कानांनी ऐकलंय. मग प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम, छोटा ओटा, दाराला कार्डाचं कुलूप. कागदावर झकास दिसतं.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगतो. मेसमध्ये खिडकीजवळचं एक टेबल डुगडुगायचं. एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा असे. आम्ही चौघे-पाच जण तिथेच बसायचो. टोकाला एक ज्युनियर ताट घेऊन यायचा, खाली मान घालून जेवायचा आणि उठून जायचा. एकदा लागोपाठ दोन वेळा तो दिसला नाही. "तो कुठाय रे?" कुणीतरी सहज विचारलं. जाऊन दार वाजवलं तर गडी तापाने फणफणलेला, उठून पाणी घ्यायचंही त्राण नाही. आमच्यातला एकही त्याचा मित्र नव्हता. मला तर त्याचं आडनावही ठाऊक नव्हतं. रिकामी खुर्ची तेवढी नजरेत आली. खोलीतच ओटा असता, तर रिकामी व्हायला खुर्चीच नसती.

ही काही माझी हळवी आठवण म्हणून सोडून देऊ नका. ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज १२६४ सालचं. तिथल्या जुन्या कॉलेजांत लांबलचक कॉरिडॉर नसतात, जिने असतात, आणि एका जिन्यावर मोजक्याच खोल्या. माणसं येता-जाता एकमेकांना दिसतातच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९३३ मध्ये हीच कल्पना उचलली आणि मोठ्या विद्यापीठाची लहान लहान घरं केली. आज तिथे अशी १४ कॉलेजं आहेत. प्रत्येकाला स्वतःचं भोजनगृह आहे आणि कॉलेजप्रमुख आवारातच राहतो. 'श्रीमंतांचे चोचले' असं आपले अधिकारी म्हणतील. येलच्या त्या सुरुवातीच्या इमारतींमागे एडवर्ड हार्कनेस या धनाढ्य माजी विद्यार्थ्याचा पैसा होता, हे खरंच. पण मी दगडी कमानी कुठे मागतोय?

आता दुसरी बाजू, नाहीतर पत्र अर्धवट राहील. माणसं जवळ राहिली की रॅगिंगही तिथेच पोसतं. पहिल्या वर्षी सहा आठवडे मी मधला जिना टाळून मागच्या जिन्याने चढलो, कारण मधल्या जिन्यावर रात्री कोण बसतं ते पक्कं माहीत होतं. रेक्टर होते, पण कागदावर. मुक्काम दुसरीकडे. सकाळी सही करायला यायचे, तेव्हा जिना स्वच्छ झाडलेला असायचा. खोल्यांचं वाटपसुद्धा सिनियरच करायचे. कोण कुणाच्या शेजारी पडणार, ते त्यांच्या मर्जीवर. पुढे मी रेक्टर झालो तेव्हा सगळ्यात आधी मधल्या जिन्याच्या पायथ्याची खोली मागून घेतली. अडगळीची होती, लगेच मिळाली. वाटप आता चिठ्ठ्या टाकून होतं, वर्षं आणि विषय मिसळून. कुरकुर होते. होऊ दे.

जिन्यावर मुलं अजूनही बसतात. वाद घालतात, गिटार छळतात, परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांच्या वह्या ओढतात. मला झोप कमी मिळते, ही तक्रार याच पत्रात नोंदवून ठेवतो.

विनंती एवढीच. वसतिगृहाच्या प्रस्तावाच्या तक्त्यात खाटांच्या शेजारी दोन रकाने वाढवा: एका वेळी किती जण एकत्र जेवायला बसू शकतील, आणि रात्री तिथे मुक्कामाला कोण शिक्षक आहे. या दुसऱ्या रकान्यात पदनाम चालवून घेऊ नका. खोली क्रमांक मागा.

आपला,
मधल्या जिन्याच्या पायथ्याशी राहणारा एक रेक्टर