भिंतीमागचा क्यूपिड

प्रिय सुहास,

सहा महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत ठीक. पण तुझ्या जुन्या पत्रातली ‘मोकळी भिंत म्हणजे त्या मुलीचा एकटेपणा’ ही ओळ समोर आली आणि राहवेना.

ड्रेस्डेनच्या संग्रहालयातल्या त्या चित्रावरून किती भांडलो आपण! सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं ते, खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी आणि मागे मोकळी भिंत. ती भिंत व्हर्मीरची नव्हतीच रे. १९७९च्या एक्स-रेत तिथे क्यूपिड, म्हणजे बालरूपातला प्रेमदेव, दिसला, पण तो व्हर्मीरनेच नंतर झाकला असं धरून चालले सगळे. एक्स-रेत सगळे थर एकमेकांवर चढून दिसतात. कुठला कधीचा, कुणाच्या हातचा, ते कळत नाही.

२०१७ पासून चित्राच्या डागडुजीचं काम चाललं, त्यात उलगडा झाला तो रंगाच्या छेदातून. तड्याच्या कडेचा मिलिमीटरहून लहान कण उचलायचा, रेझिनमध्ये बसवायचा, घासून सपाट करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने बघायचा. अतिनील प्रकाशात राळेचं जुनं व्हार्निश उजळतं. इथे क्यूपिडच्या रंगावर व्हार्निश, त्यावर मळ, त्यावर भिंतीचा रंग! मळाची ती रेघ केसाहून बारीक, पण सगळा निकाल तिच्यावर. इतका मळ बसायला काही दशकं जातात, आणि व्हर्मीर १६७५ सालीच गेला. म्हणजे भिंत नंतर दुसऱ्याच कुणीतरी रंगवली. एकाच कणावर मात्र विसंबायचं नाही. तड्यातून मळ खाली झिरपलेला असू शकतो, म्हणून दोन-चार जागा तपासायच्या.

द्रावकाने भिंत विरघळवली असती तर खालचं व्हार्निशही गेलं असतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलने (शस्त्रक्रियेच्या बारीक चाकूने) खरवडत २०२१ साली काम पुरं केलं.

मला घोर आहे तो पुढचा. क्यूपिड मुखवट्यावर पाय देऊन उभा आहे, म्हणजे खोटेपणावर खऱ्या प्रेमाची मात. त्या मुलीचा तुझा तो ‘एकटेपणा’ गेला (आता तरी कबूल कर!). पण कित्येक पिढ्यांनी ती भिंतच पाहिली, तिच्यावरच लिहिलं, आणि खरवडलेला रंग परत बसत नाही. इथे खालचं चित्र शाबूत होतं, म्हणून काढणं मला पटतं. खालचा रंग झिजलेला असता तर भिंत तशीच ठेवावी, असं मी ठासून म्हटलं असतं. क्यूपिडचा अर्धा चेहरा आपण रंगवायचा आणि त्याला व्हर्मीर म्हणायचं, हे कसं चालेल?

नवी नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार, बाळाला पापा.

आणि लेखात जुना फोटो छापणार असशील, तर खाली साल घाल.

तुझा,
अनंत