तो सोनेरी घुमट अल-अक्सा मशिदीचा नव्हे

महोदय,

जेरुसलेमची बातमी आली की आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत एकच छायाचित्र छापले जाते. निळ्या फरशांच्या भिंती, वर सोनेरी घुमट आणि खाली ओळ : ‘अल-अक्सा मशीद’. छायाचित्रातली इमारत कुब्बत अस-सख्रा आहे, म्हणजे खडकावर बांधलेला घुमट. अल-अक्सा मशीद त्याच आवारात, पण दक्षिण टोकाला आहे. तिचा घुमट शिशाच्या पत्र्याने मढवलेला, करडा आहे आणि दर्शनी बाजूला सात कमानींची पडवी आहे. सुमारे 14 हेक्टरच्या संपूर्ण आवारालाच अनेक मुस्लिम अल-मस्जिद अल-अक्सा म्हणतात, हे खरे. बातमी आवाराविषयी असेल तर ती ओळ चालून जाईल. एका इमारतीविषयी असेल तेव्हा मात्र वाचकाची फसगत होते. 21 ऑगस्ट 1969 रोजी एका ऑस्ट्रेलियन माणसाने लावलेल्या आगीत जळाला तो दक्षिणेकडच्या मशिदीतला मिंबर, म्हणजे प्रवचनाचे पायऱ्यांचे व्यासपीठ. 12व्या शतकात अलेप्पोत घडवलेला आणि सलाहुद्दीनने जेरुसलेमला आणून बसवलेला हा मिंबर लाकडी सुतारकामाचा अव्वल नमुना होता. त्याच्या जागी नवी प्रतिकृती बसायला 2007 साल उजाडले. त्या आगीच्या मजकुराशेजारी सोनेरी घुमट छापला की जळाली ती इमारत कोणती, हेच कळत नाही.

दोन्ही इमारतींचा घाटच वेगळा आहे. मशिदीचा आराखडा किब्ल्याच्या भिंतीपासून सुरू होतो. ती भिंत मक्केच्या दिशेला, तिच्यात मेहराब म्हणजे कमानदार कोनाडा, बाजूला मिंबर आणि भिंतीला समांतर नमाज्यांच्या सफा, म्हणजे रांगा. कुब्बत अस-सख्रा अष्टकोनी आहे, चारही दिशांना दरवाजे आहेत आणि ऐन मध्यभागी सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद उघडा खडक आहे. इथे मोठ्या जमातीची सरळ सफ धरायची म्हटले तर खांब आणि खडक आडवे येतात. खडकाभोवती फिरण्यासाठी एकाबाहेर एक असे दोन फेरमार्ग ठेवले आहेत, त्यावरूनच बांधणाऱ्यांचा हेतू दिसतो. नमाज इथेही पढतात, शुक्रवारी विशेषतः स्त्रिया. पण जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचे प्रवचन, होतो तो दक्षिणेकडच्या मशिदीत. मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, रात्री पैगंबर मुहम्मद या खडकावरूनच वर गेले, अशी मुस्लिमांची श्रद्धा. ज्यूंच्या परंपरेत हाच सृष्टीच्या पायाचा दगड, आणि त्यांचे प्राचीन मंदिरही याच टेकडीवर होते.

या वास्तूची आखणी दोरी आणि खुंट्या एवढ्यावर जमिनीवर करता येते. मोजमापांवरून अभ्यासकांनी लावलेली रीत अशी : खडकाभोवतीच्या खांबांचे वर्तुळ काढायचे. त्यात कोपरे टेकतील असे दोन चौरस बसवायचे, दुसरा पहिल्यापेक्षा 45 अंशांनी फिरवलेला. दोन्ही चौरसांच्या बाजू बाहेर वाढवत नेल्या की त्या सर्वांत दूर जिथे एकमेकींना छेदतात, ते आठ बिंदू म्हणजे मधल्या अष्टकोनाचे कोपरे. आता या अष्टकोनाच्या बाजू वाढवल्या की आणखी दोन मोठे चौरस तयार होतात. त्यांच्या कोपऱ्यांतून जाणारे वर्तुळ काढायचे आणि त्यात मधल्या अष्टकोनाला समांतर असा मोठा अष्टकोन बसवायचा. ती झाली बाहेरची भिंत. परिणाम पाहा : खडकाभोवतीच्या वर्तुळाचा आतला व्यास सुमारे 20.4 मीटर आणि बाहेरच्या भिंतीची प्रत्येक बाजू सुमारे 20.6 मीटर. कुठलेही माप सुटे नाही, सगळी एकाच वर्तुळातून निघालेली. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांनी हे दोन फिरवलेले चौरस वर मान करून पाहिले असतील. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी अगदी याच आकृतीवर उभ्या आहेत, फक्त हजारेक वर्षांनंतर.

भार कसा पेलला आहे, यात दोन्हीकडे मोठा फरक आहे. गोलघुमटाचे कवच बुडाशी सुमारे 3 मीटर जाड, त्यामुळे भिंतीही तशाच जाडजूड. जेरुसलेमचा घुमट लाकडी आहे : आत एक कवच, बाहेर दुसरे, मध्ये पोकळी. तो हलका असल्यामुळे खाली 4 जाड दगडी खांब आणि त्यांच्या मधोमध तीन-तीन असे 12 संगमरवरी स्तंभ पुरतात. मधल्या अष्टकोनात 8 जाड खांब आणि 16 स्तंभ आहेत. हे स्तंभ जुन्या बायझंटाइन इमारतींतून आणलेले, म्हणून शीर्षे एकसारखी नाहीत आणि उंचीतला फरक बैठका कमीजास्त करून भरून काढला आहे. कमानी स्तंभांना बाजूला ढकलू पाहतात. ते रोखायला अष्टकोनात स्तंभांच्या डोक्यावरून लाकडी तुळया ओढून घेतल्या आणि त्यांवर नक्षीचे धातूचे पत्रे मढवले. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते, पण भूकंपाच्या मुलखात ही बांधणी फार मोलाची आहे.

लाकडाचे वैर पाण्याशी. पत्र्याचा सांधा एकदा उघडला की पावसाचे पाणी आत मुरते आणि कुजणे खालून दिसत नाही. 1016 च्या सुमारास घुमट कोसळला. फातिमी खलिफा अझ-झाहिरच्या काळात, 1022-23 मध्ये तो पुन्हा उभारला गेला. म्हणजे डोक्यावरचे लाकूड मूळचे नाही, पण खालचा आराखडा, खांब आणि आतले बरेचसे मोझेक मूळचे आहेत. एवढ्या जुन्या इस्लामी स्मारकाचा मूळ घाट इतका शाबूत राहिल्याचे दुसरे उदाहरण नाही. माझ्या मते सोन्याच्या पत्र्यापेक्षा हे कितीतरी मोठे वैभव आहे.

बांधकामाचे साल इमारतीवरच लिहिले आहे. मधल्या अष्टकोनाच्या कमानींवर, आतून आणि बाहेरून मिळून सुमारे 240 मीटर लांबीचा कूफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतला) लेख मोझेकमध्ये आहे आणि त्यात हिजरी 72, म्हणजे इसवी सन 691-92 दिलेले आहे. बांधणारा उमय्या खलिफा अब्द अल-मलिक. पुढे अब्बासी खलिफा अल-मामूनने त्याचे नाव काढून स्वतःचे घातले, पण साल तसेच राहिले, आणि मामून तर 813 मध्ये गादीवर आला! हज मक्केहून इकडे वळवण्यासाठी ही वास्तू बांधली, असा एक जुना आरोप अजूनही लेखांत वाचायला मिळतो. तो मला पटत नाही. मोझेकच्या त्या लेखातल्या आयती, म्हणजे कुराणातली वचने, येशूला पैगंबर मानून त्याच्या ईश्वरपुत्र असण्याला नकार देतात. बोलणे ख्रिस्ती जेरुसलेमशी चालले आहे. याच शहरात जन्मलेल्या अल-मुकद्दसीने 10व्या शतकात नोंदवलेले कारणही तसेच आहे : येशूच्या थडग्यावरच्या होली सेपल्कर चर्चच्या भव्य घुमटाने मुस्लिमांचे डोळे दिपू नयेत. त्या चर्चच्या घुमटाचा व्यासही जवळपास एवढाच आहे.

1099 मध्ये क्रूसेडर आले आणि इमारतीचे चर्च झाले. यात्रेकरू खडकाचे तुकडे तोडून नेऊ लागले, म्हणून त्यावर संगमरवर घातला आणि भोवती लोखंडी जाळी लावली. 1187 मध्ये सलाहुद्दीनने शहर घेतल्यावर संगमरवर काढून खडक पुन्हा मोकळा केला.

निळ्या फरशा तर फार उशिराच्या. बाहेरून पूर्वी मोझेक होते. ऑटोमन सुलतान सुलेमानने 16व्या शतकाच्या मध्यावर ते काढून फरशा बसवल्या. ऊन, पाऊस आणि थंडी यांनी त्या सुटत गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर दुरुस्तीसाठी तुर्कस्तानातल्या कुताह्याचे आर्मेनियन कारागीर बोलावले गेले आणि जेरुसलेमच्या आजच्या आर्मेनियन कुंभारकामाची सुरुवात तिथून झाली. आज दिसणाऱ्या बहुतेक फरशा 20व्या शतकातल्या आहेत. याच काळात आवाराच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा करायला एक शिष्टमंडळ हिंदुस्थानात आले होते आणि हैदराबादच्या निजामाने देणगी दिली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, तेव्हा या डागडुजीत आपल्याकडच्या महसुलाचाही काही वाटा असणार. आवाराच्या पश्चिम कडेला मौलाना मुहम्मद अली जौहर यांची 1931 मधली कबर आहे, हेही आपल्या वाचकांना सांगण्यासारखे आहे. 1923 च्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

घुमटाचा रंग संपादकीय विभागाला सहज उपयोगी पडेल. मुकद्दसीने सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा पाहिला होता, पण पुढे अनेक शतके घुमट शिशाचा आणि काळपट होता. 1960 च्या दशकात शिसे काढून ॲल्युमिनियम-ब्राँझचा सोनेरी पत्रा बसवला. तो 30 वर्षेच टिकला. 1993-94 मध्ये जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या खर्चाने सोन्याचा मुलामा दिलेला पत्रा आला आणि त्यासाठी सुमारे 80 किलो सोने लागले. म्हणून 1948 च्या युद्धाच्या किंवा त्याआधीच्या मजकुरासोबत सोनेरी घुमटाचे रंगीत चित्र लावू नये. त्या वेळी तो तसा दिसतच नव्हता. आणि सोनेरी घुमटाच्या कुठल्याही छायाचित्राखाली ‘कुब्बत अस-सख्रा, अल-अक्सा आवार, जेरुसलेम’ एवढी ओळ पुरे.

आपला,
एक वाचक, सोलापूर