हॉलंडहून हॉलंडला

हॉलंड, मिशिगन
रविवार, दुपारी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नेहमीसारखंच झालं. व्हिसा, बँकेचं खातं, सायकल घ्यायची की नाही, सगळं बोलून झालं आणि जे बोलायचं होतं ते राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. आई म्हणते व्हॉट्सॲपवर टाका, पण मला कागदाशिवाय सुचत नाही.

तू नेदरलँड्सला निघायच्या आदल्या आठवड्यात जेवताना मी म्हणालो, "इथे काय कमी पडलं म्हणून तिकडे निघालीस?" तू ताटावरून उठलीस. ते वाक्य माझं नव्हतंच गं. तुझ्या आजीचं होतं. 1998 मध्ये मिरजेच्या घरी मला दुसरी भाकरी वाढताना ती हेच म्हणाली होती, अगदी याच शब्दांत. मी तेव्हा उठलो नाही, खाली मान घालून जेवलो आणि पंधरा दिवसांनी विमानात बसलो.

सेंटेनियल पार्कमधला पुतळा आठवतो? तू चार वर्षांची होतीस. त्याच्यापुढे हात जोडून विचारलंस, "बाबा, हा कुठला देव?" शेजारून जाणाऱ्या आजीबाईंना मी इंग्रजीत सांगितलं तर त्या हसून बेजार झाल्या. तो आल्बर्टस व्हान राल्टे, आपलं हे गाव वसवणारा डच पाद्री. इथले लोक व्हॅन रॉल्टी म्हणतात, तू तिकडे तसं म्हणू नकोस. आता तू ज्या देशात गेली आहेस तिथूनच तो आला, म्हणून त्याचं थोडं सांगतो.

त्याचे वडीलही पाद्री. हा लायडनला धर्मशास्त्र शिकला. 1834 मध्ये हेंड्रिक द कॉक नावाच्या पाद्र्याबरोबर काही लोक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले. जुनी कडक शिकवण पातळ होत चालली आहे, असं त्यांचं म्हणणं. व्हान राल्टे त्यांना जाऊन मिळाला. मग सरकारने नेपोलियनच्या वेळचं एक कलम काढलं: वीसहून जास्त माणसं परवानगीशिवाय जमवायची नाहीत. कोठारात उपासना चालली की पोलीस हजर. दंड, अटक, कुणाच्या घरात शिपाई आणून बसवायचे आणि त्यांना जेवू घालायचं ते त्याच घराने. ("उपासना", "मंडळी" हे शब्द मी मिरजेहून आणलेत. आपल्या घरामागे मिशन हॉस्पिटलच्या लोकांची वस्ती होती.) पुढे छळ कमी झाला, पण 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि गरिबाचं पोटच गेलं. नुसत्या धर्मासाठी आले असं इथे भाषणात सांगतात ते अर्धंच. भूक होतीच.

1846 च्या शरदात तो बायको, पाच मुलं आणि शंभरेक माणसं घेऊन 'सदर्नर' जहाजाने निघाला आणि 17 नोव्हेंबरला न्यूयॉर्कला उतरला. जायचं होतं विस्कॉन्सिनला. डेट्रॉइटला पोचेपर्यंत पुढचा जलमार्ग बर्फाने बंद. तिथल्या लोकांनी मिशिगनच सुचवलं, आणि 9 फेब्रुवारी 1847 ला तो बर्फ तुडवत आपल्या मॅकाटावा तळ्याशी आला. तू पोहायला शिकलीस तेच तळं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पहिल्याच उन्हाळ्यात दलदलीचा ताप आणि आव. या लोकांना झाड पाडायचंही ठाऊक नव्हतं, त्यांच्या देशात जंगल होतं कुठे? एवढी माणसं गेली की त्याने अनाथ मुलांसाठी ओंडक्यांचं घर बांधायला घेतलं. घर उभं राहिलं, पण त्यात एक मूल राहायला आलं नाही. ज्याच्या झोपडीत जागा नव्हती त्यानेही पोर उचलून घरी नेलं होतं. ते घर पुढे शाळेला वगैरे वापरलं. मी इतकी वर्षं इथे आहे, पण या माणसांवर जीव जडायला मला ही एकच गोष्ट पुरते. हे रिकामं घर मला त्या पुतळ्यापेक्षा मोठं वाटतं.

सगळंच गोड नाही. तळ्याकाठी आधीपासून ओडावा आदिवासी लोक होते, त्यांची शेतं, त्यांची मिशनशाळा, त्यांची थडगी. दोनच वर्षांत, 1849 मध्ये, ते सगळं सोडून उत्तरेला निघून गेले. देवाने आपल्यासाठी राखून ठेवलेलं रान, असं एकदा मनात धरलं की तिथे राहणारा माणूस दिसेनासा होतो. भाविक माणसाचा हा दोष मला आपल्या घरातही दिसलेला आहे.

आणि एकी? 1850 मध्ये त्याने आपल्या मंडळ्या इथल्या जुन्या डच चर्चला जोडल्या. 1857 मध्ये त्यातल्या चार फुटल्या. स्तोत्रांशिवाय दुसरी गाणी गायची का, हाही वादाचा एक मुद्दा! (हसू नकोस. आपल्याकडे गणपतीची वर्गणी डॉलरमध्ये आली तरी मंडळं फुटायची तशीच फुटतात.) त्याचं खांबांचं देऊळ, पिलर चर्च, 1856 चं. तो वारल्यावर 1882 मध्ये त्या देवळातलीच माणसं भांडली आणि देऊळ गेलं ते फुटून निघालेल्यांच्या बाजूला. 2012 पासून ते दोन्ही पंथांचं आहे. एवढ्याला 130 वर्षं लागली.

घरचंही ऐक. बायको क्रिस्तिना द मून. तिच्या दोन बहिणी याच बंडखोर पाद्र्यांना दिलेल्या. त्यातला एक मेहुणा, ब्रुमेलकाम्प, यानेच व्हान राल्टेबरोबर देश सोडण्याच्या बाजूने पत्रक काढलं, आणि स्वतः मात्र तिकडेच राहिला. एक बहीण तिकडे, एक इकडे, मध्ये समुद्र. मुलगा डिर्क आला तेव्हा दोन वर्षांचा होता. विशीच्या आत यादवी युद्धात गेला आणि 1864 मध्ये अटलांटाजवळ उजवा हात गमावून आला. पुढे राज्याच्या विधिमंडळात बसला. बाप गाव डचांचं राहावं म्हणून झटला, आणि पोरगा अमेरिकेसाठी हात देऊन मोकळा झाला. मला वाटतं, बापाने अडवलं असतं तरी गेलाच असता.

1871 च्या उन्हाळ्यात क्रिस्तिना गेली. ऑक्टोबरात, शिकागो जळालं त्याच सुमारास, अख्खं गाव एका रात्रीत जळालं. देऊळ आणि त्याने उभं केलेलं होप कॉलेज तेवढं वाचलं. 1876 मध्ये तो गेला.

कारखान्यात माझ्या लाइनवर एक म्हातारा होता, आडनाव व्हॅनडर-काहीतरी. खुर्च्यांचे पाय तपासताना दुपारी दोनला न चुकता खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवायचा. लहानपणी चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की त्याची आजी बाकावरून गोळ्या सरकवायची, आणि एक गोळी प्रवचन संपेपर्यंत पुरवायची असा नियम. चावली की आजीचं कोपर बरगडीत. त्याला डचमधला एक शब्द येत नव्हता. गोळी मात्र न चावता चघळायचा. तो निवृत्त झाला त्या दिवशी त्याने गोळ्यांचा अख्खा रोल मला दिला. अजून दोन उरल्यात, कपाटात आहेत.

तेव्हा एक काम कर. थंडी कमी झाली की झ्वोलेला जा, तिथून छोट्या गाडीने ओमेनला उतर. इकडे यायच्या आधी तो काही वर्षं तिथे पाद्री होता. गावातून फेख्त नदी जाते. तुझ्या उट्रेख्तलाही फेख्त आहे, पण ती वेगळी, गोंधळू नकोस. काठावर उभी राहून एक फोटो पाठव. बाकी काही बघितलं नाहीस तरी चालेल.

आजीच्या शेवटच्या आजारात मी वेळेवर पोचलो नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्यावर ते ओझं नको. दिवाळीला जमलं तर ये, नाही जमलं तर आई करंज्या पाठवेल, निम्म्या वाटेत मोडतील.

गॅरेज आवरताना तुझे ट्यूलिप टाइम उत्सवातल्या नाचाचे लाकडी बूट सापडले. आत सहा जोड मोजे तसेच कोंबलेले. आई म्हणते पार्सलने पाठवा. मी म्हटलं, हॉलंडमध्ये लाकडी बूट घालून फिरली तर पोरीला लोक हसतील. ठेवलेत इथेच, वॉटर हीटरच्या बाजूला, ओल लागणार नाही अशा जागी.

तुझा,
बाबा