पॅकेजचे पैसे

तासगाव तालुका,
७ डिसेंबर

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले २,५०० रुपये मिळाले. माझ्यावरच्या जिवापोटी पाठवलेस, ते कळतं गं. पण ते तपासण्यांचं पॅकेज मी घेतलेलं नाही. तू धाडलेला कागद दोनदा वाचला. सत्तरच्या वर तपासण्या, आणि सगळ्या रक्ता-लघवीच्या. तोंड उघडून बघणारं त्यात कुणी नाही. साधं बीपीसुद्धा नाही.

मोठी आई आठवते ना तुला? मशेरी लावून लावून तिच्या गालात आतनं पांढरं पडलं, मग जखम झाली. आठ महिने तोंड आल्याचं मलम लावत राहिली. डॉक्टरांनी पण तेच लिहून दिलं, बॅटरी धरून गालात कुणी पाहिलं नाही. शेवटी सांगलीला नेली, तेव्हा घास गिळत नव्हता. रान गहाण पडलं आणि माणूसही गेलं. तीच मशेरी मी बावीस वर्षं लावली.

आता जे सांगते त्यावर रागावू नकोस. आषाढात आशाताई फॉर्म भरायला आल्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरतात. वय किती, तंबाखू-मशेरी आहे का, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर-बीपी आहे का, सगळ्याचे गुण मांडतात. चारच्या वर गेले की आधी बोलावणं. माझे सहा झाले. उपकेंद्रात सीएचओ मॅडमनी, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी बाईंनी, दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, बोटाला टोचून साखर बघितली, छातीत गाठ आहे का ते हातानं तपासलं. मग बॅटरी घेऊन गाल, जीभ, हिरड्या. उजव्या गालात चट्टा निघाला. मला काहीसुद्धा दुखत नव्हतं सोनी, जेवण नीट जात होतं. बाकावर बसले तर मोठ्या आईचंच तोंड डोळ्यापुढं. चिठ्ठी घेऊन सांगलीच्या सिव्हिलला गेले, तुकडा काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंत रात्र रात्र डोळा लागला नाही. कॅन्सर निघाला नाही. पण मशेरी चालू ठेवली तर पुढं होऊ शकतो, म्हणाले. घरी आल्या आल्या डबी चुलीत घातली. आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे.

खर्च म्हणशील तर उपकेंद्रात एक रुपया लागला नाही. आरोग्य खात्याच्या दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे घेत नाहीत. सिव्हिल मेडिकल कॉलेजकडं आहे, तिथं थोडे भरावे लागले. मोडली ती भांगलणीची दोन दिवसांची मजुरी. महात्मा फुले योजनेचं मी विचारलं, पण ती दवाखान्यात भरती होऊन उपचार घ्यायचे असले तर. तपासणीला ती चालत नाही.

आता तुझं. दिवाळीत तू तिशीची झालीस, म्हणजे तुझाही नंबर लागला. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घे. तिथला कॅन्सर एका विषाणूमुळं होतो आणि तो विषाणू आत वर्षानुवर्षं टिकला तरच. पेशी बिघडत जायला दहा-दहा वर्षं लागतात, म्हणून वेळेत बघितलं तर कॅन्सर होण्याआधीच सापडतो. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. पांढरं दिसलं तर पुढं पाठवतात, पांढरं म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे. पाळीचे दिवस सोडून जायचं. एकदा नीट निघाली की पाच वर्षांनी परत. लाज वाटते म्हणाली होतीस. दोन बाळंतपणं झालीत बाई तुझी, आणि तपासणारी बहुतेक बाईच असते.

आणखी एक, हे मला फार लागून राहिलंय. तुझ्या १६,००० पगारातनं ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, महिन्याला १२० रुपये कापले जातात. चार वर्षांत तू त्या कार्डावर एकदाही दाखवलं नाहीस आणि पोरांना ताप आला की खासगीत पैसे भरतेस. कार्डावर पोरांची, जावयांची नावं आहेत का ते कंपनीत विचार. पुण्यातच बिबवेवाडीला ईएसआयचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथं जा. नाहीतर घराजवळचा महापालिकेचा दवाखाना. जावयांना पण ने, ते तंबाखू मळतात. त्यांचं तोंड बघून घे, सांगायला संकोच वाटला तर माझं नाव सांग.

तिथं सुट्टीच मिळत नसेल तर संक्रांतीला येशीलच. एक दिवस आधी ये. द्राक्षबागेत तेव्हा काम असतं, पण त्या दिवशी मी रोजंदारीला जाणार नाही. आशाताईंना सांगून ठेवलंय. तुझं आधार कार्ड तेवढं आण, आपण दोघी बरोबर जाऊ. पैसे डब्यात तसेच ठेवलेत, तुझ्या येण्याजाण्याच्या एसटीला होतील.

तुझी,
आई